सहा वर्षं दर शनिवारी भेटतोय, तरी मित्र माहीतच नाही

पत्र थोडं छोटं करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, आम्ही पाच जण इंजिनिअरिंगपासूनचे मित्र. सगळे पुण्यातच आहोत, दर शनिवारी संध्याकाळी सातला एका ठरलेल्या हॉटेलात भेटतो, सहा वर्षं झाली, क्वचितच चुकलं असेल. आमच्यातला एक जण गेली दोन-अडीच वर्षं कायम उशिरा येतो, साडेआठ, पावणेनऊ. त्याच्यावर आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर पण बनवलाय, तो दारात दिसला की कोणीतरी टाकतंच. मागच्या महिन्यात मी मावशीला घेऊन एका हॉस्पिटलात गेलो होतो तर हा डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर मांडीवर डबा घेऊन बसलेला. म्हटलं काय रे इथे, तर म्हणाला, काही नाही रे, बाबांचं असतं, मंगळवार गुरुवार शनिवार. अडीच वर्षं, ताई! त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग मी ठरवलं की आपण एकमेकांशी नीट बोलायला पाहिजे, नेटवरून ती फेमस ३६ प्रश्नांची लिस्ट काढली आणि पुढच्या शनिवारी टेबलवर विचारलं, तू शेवटचं कोणासमोर रडला होतास? दोन सेकंद सगळे गप्प, मग इतके हसले, एक म्हणाला एचआरमध्ये गेलास का. तो पण हसला. मला मित्रांना खरंच ओळखायचंय, पण काय विचारू आणि कसं विचारू तेच कळत नाही. बाकी माझं ठीक आहे, एप्रिलमध्ये जॉब गेला, घरी अजून सांगितलं नाहीये, रोज डबा घेऊन निघतो, पण होईल ते नीट."

अरे, पहिल्यांदा त्या लिस्टचं सांगते कारण तुला वाटतंय की प्रश्न चुकला, तर तो प्रश्न वाईट नव्हता, जागा चुकली आणि नंबर चुकला. ते ३६ प्रश्न आर्थर अ‍ॅरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेत, १९९७ मध्ये त्यांचा पेपर आला, आणि २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका लेखिकेने त्यावर लिहिलं तेव्हापासून ते जगभर फिरतायत. पण मूळ प्रयोग काय होता बघ. दोन अनोळखी माणसं, दोघंच, समोरासमोर, पाऊण तास. प्रश्नांचे तीन गट, प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं. पहिल्या गटात अगदी साधे प्रश्न, फोन करायच्या आधी काय बोलायचं त्याची तू मनात तालीम करतोस का, शेवटचं स्वतःशी गाणं कधी म्हटलंस, असे. मग थोडे आतले, मग आणखी आतले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. तू विचारलास तो कोणासमोर रडण्याचा प्रश्न त्या यादीत तिसावा आहे! म्हणजे एकोणतीस पायऱ्या चढून जिथे पोचायचं तिथे तू पाच जणांच्या टेबलवर, स्टार्टर यायच्या आधी, एकदम उडी मारलीस, आणि स्वतःचं उत्तर दिलं नाहीस (दिलं असतंस तर पत्रात लिहिलं असतंस असं मला वाटतं). मित्र हसले त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पाच पुरुष एका टेबलावर असताना पहिलं उत्तर कोण देणार, जो देईल त्याच्याकडे चार जण बघणार, मग हसणं हाच एक रस्ता उरतो.

आणि वेळ कमी पडला असं पण नाहीये. जेफ्री हॉल म्हणून कॅन्सस विद्यापीठातले संशोधक आहेत, त्यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला होता की साधारण पन्नास तास एकत्र घालवले की ओळखीची हळूहळू मैत्री व्हायला लागते आणि जवळची मैत्री व्हायला दोनशेच्या वर तास लागतात. आता तुझं बघ, शनिवारचे दोन तास धरले तरी वर्षाला शंभर, सहा वर्षांत सहाशे तास. तास भरपूर आहेत रे. मला वाटतं त्या सहाशे तासांत तुमच्याकडे पहिला प्रश्न होता, दुसरा नव्हता.

दुसरा प्रश्न म्हणजे काय ते सांगते. आपण भेटलो की विचारतो काय चाललंय, समोरचा म्हणतो निवांत, किंवा चाललंय, किंवा मजेत, आणि तिथे विषय संपतो, दोघांनाही माहिती असतं की हा प्रश्न नव्हताच, तो नमस्कार होता. त्यात वाईट काही नाही, नमस्कार पण लागतोच. पण जो माणूस त्याच्यानंतर अजून एक विचारतो, समोरच्याने आत्ता जे सांगितलं त्यातलाच धागा पकडून, तो माणूस लक्षात राहतो. हार्वर्डमध्ये २०१७ साली केलेला एक अभ्यास आहे, गप्पांमध्ये जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यातही उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी, कारण त्यावरून कळतं की हा ऐकत होता. आपल्याकडे तर याला एक शब्दच आहे, "मग?" लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण एवढंच म्हणत होतो ना, मग? आणि मग? मोठे झालो आणि ते विचारायचं सोडून दिलं.

"जेवलास का" घे. आख्खा महाराष्ट्र हा प्रश्न दिवसातून दोनदा विचारतो आणि हो ऐकून फोन ठेवतो. त्याच्यापुढे फक्त विचार, काय होतं आज? आणि मग, कोणी केलं होतं? हे तीन शब्द विचारून बघ एकदा. कोणी केलं होतं या एका प्रश्नाला मी ऐकलेली उत्तरं सांगते, बाबा करतात आता, आईच्या हाताला कापरं आहे. बाहेरूनच मागवतो, बायको माहेरी आहे, दोन महिने झाले. मीच केलं, मेसचे पैसे वाचवतोय. तिन्ही माणसं मला वर्षानुवर्षं ओळखीची, तिघांनीही त्याआधी मला मजेत म्हणूनच सांगितलं होतं, आणि मी खोलात जाऊन काही विचारलं नव्हतं, स्वयंपाक कोणी केला एवढंच विचारलं होतं.

तुझ्या मित्राचंच घे ना. तो अडीच वर्षं पावणेनऊला येतोय, तुम्ही विचारलंत असणार, का रे उशीर? आता आपल्या मराठीत "का" हा शब्द बघ कसा आहे, का उशीर केलास, का आला नाहीस, का फोन उचलला नाहीस, लहानपणापासून हा शब्द आपण रागावून घेतानाच ऐकलाय त्यामुळे का ऐकलं की माणूस आधी स्वतःला वाचवतो, ट्रॅफिक होतं म्हणतो, काम होतं म्हणतो. त्याऐवजी कोणीतरी एकाने, एकटं असताना, विचारलं असतं की कुठून येतोस रे शनिवारचा? तर तो कदाचित बोलला असता. का ऐवजी कुठून, केव्हापासून, कसं जमवतोस, कोण असतं सोबत, हे शब्द वापर. केव्हापासून हा तर माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि त्याला कारण आहे.

१९९७ ला मी पुण्यात होस्टेलला होते. माझी रूम पार्टनर औसा तालुक्यातली, शांत, अभ्यासू. तिची एक सवय होती, रात्री दाराची कडी लावू द्यायची नाही, आणि स्वतःच्या चपला दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायची. मी रात्री उठून कडी लावायचे, ती उठून काढायची, यावरून आमची भांडणं झाली, रेक्टरकडे पण गेलो. मी तिला एकदा विचारलं होतं, घाबरतेस का काय? ती म्हणाली, नाही. आता या प्रश्नाला दुसरं काय उत्तर येणार, मी तिला हो किंवा नाही एवढीच जागा ठेवली होती आणि हो म्हणण्यात कमीपणा होता. मग सात-आठ महिन्यांनी एकदा रात्री लाइट गेली होती, अंधारात दोघी आपापल्या कॉटवर पडलो होतो, आणि माझ्या तोंडून सहज गेलं, केव्हापासून अशी झोपतेस गं? ती म्हणाली, चार वर्षं झाली. मी मनात मोजलं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी फक्त म्हटलं, मग? आणि ती बोलायला लागली ती पहाटेपर्यंत. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे उशिरा झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला ते झालं, माळवदाचं घर, जाड दगडी भिंती, वर मातीचा थर, आजी आतल्या खोलीत होती. हिला दार उघडता आलं नव्हतं, काकाने बाहेरून फोडलं. सात-आठ महिने मी त्या मुलीशी कडीवरून भांडत होते. त्या रात्रीनंतर कडी मी कधी लावली नाही, आणि आज आम्ही दोघी पन्नाशीला टेकलोय, आजही ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

हे तुला एवढं लांबण लावून सांगितलं कारण तू लिस्ट शोधतोयस, आणि मी म्हणेन तुझी लिस्ट तुझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक मित्राची एखादी गोष्ट तुम्हाला सहा वर्षं दिसतेय आणि तिच्यावर तुम्ही हसता किंवा चिडता. एक जण कायम उशिरा येतो. एखादा बिल आलं की टॉयलेटला जातो असेल. एखादा आईचा फोन आला की टेबलवरून उठून लांब जाऊन बोलतो असेल, एखादा कधीच कोणाला घरी बोलवत नाही असेल. ग्रुपमध्ये ज्या गोष्टीवर स्टिकर बनतो ना, तिथेच विचारायला जागा असते.

विचारायचं मात्र दोघंच असताना. आणि शक्यतो शेजारी शेजारी, समोरासमोर नको, पुरुषांचं तर मी हे फार बघितलंय, डोळ्यात बघून बोला म्हटलं की बोलत नाहीत पण बाईकवर मागे बसून बोलतात, सिंहगड उतरताना बोलतात, कुणाचं सामान शिफ्ट करायला गेले की टेम्पोत बसून बोलतात. हात किंवा पाय कामात असले की तोंड मोकळं होतं. ग्रुपमध्ये पाच जण असतात तेव्हा हलकेच प्रश्न ठेव, आणि ते पण छान असतात, त्यांना कमी समजू नकोस. शाळेत कुठल्या बाकावर बसायचात? पहिला पगार कशावर उडवला? घरात सकाळी पहिलं कोण उठतं? लहानपणी सुट्टीत कुठे जायचात, तिथे अंगणात काय होतं? पाच जणांनी पहिल्या पगाराचं सांगितलं तरी रात्र पुरणार नाही, कुणी आईला मिक्सर घेतला असेल, कुणाचा पगार आख्खा कर्जाच्या हप्त्यात गेला असेल, आणि ज्याचा गेला तो ते टेबलवर सांगेलही किंवा नुसतं मोबाईल घेतला म्हणेल आणि मग पार्किंगमध्ये तुला एकट्याला खरं सांगेल.

काही प्रश्न मी तुला विचारू नकोस असं स्पष्ट सांगेन. लग्न कधी, मूल कधी, पॅकेज किती, हे तर तुला माहीतच असेल. पण अजून एक आहे, नवीन ओळख झाली की आपल्याकडे लोक पूर्ण नाव काय, मूळ गाव कुठलं, गावात कुठल्या आळीत घर, असं विचारत जातात आणि बऱ्याचदा त्यामागे जात काढायची असते, आणि ज्याला आयुष्यभर हे प्रश्न झेलावे लागलेत त्याला ते पहिल्या शब्दाला कळतं. तुझ्या मनात तसं काही नसलं तरी त्याच्या अनुभवात आहे. म्हणून गाव त्याने स्वतः काढू दे, मग विचार, पावसाळ्यात कसं असतं तिकडे, एसटी कुठवर जाते. आजोळचा विषय पण मला फार आवडतो, मामाच्या गावाबद्दल माणूस बोलायला लागला की त्याचा चेहराच बदलतो, पण ज्याची आई लहानपणीच गेलीय त्याला तो प्रश्न बोचू शकतो. चेहऱ्यावर तसं दिसलं तर विषय पुढे रेटू नको, राहू दे म्हण, आणि खरंच राहू दे.

आणि विचारल्यावर थांब. हे सगळ्यात अवघड आहे. समोरचा "काही नाही रे" म्हणतो ना, तेव्हा आपण लगेच बरं म्हणून दुसरा विषय काढतो, कारण ती दोन सेकंदांची शांतता आपल्यालाच सहन होत नाही. तुझा मित्र हॉस्पिटलात म्हणाला, काही नाही रे, बाबांचं असतं. बघ, त्याने काही नाही म्हटलं आणि त्याच दमात वारसुद्धा सांगितले, मंगळवार, गुरुवार, शनिवार. ज्याला सांगायचं नसतं तो वार सांगत नाही.

तर आता त्याच्याकडे जा. सॉरीचा मोठा मेसेज टाकू नकोस, त्याला उलट तुझी समजूत काढत बसावं लागेल. स्टिकर बाकीच्या तिघांना सांगून बंद कर, पण त्याच्या बाबांची गोष्ट तू ग्रुपवर टाकू नकोस, ती सांगायची की नाही हे त्याने ठरवायचं. आणि त्याला साधा फोन कर, म्हण शनिवारी मी येतो तुझ्यासोबत बसायला. एका डायलिसिसला साधारण चार तास लागतात, जाणं-येणं, तयारी धरून अर्धा दिवस जातो, आणि आठवड्यातून तीनदा म्हणजे तो नोकरी कशी सांभाळत असेल विचार कर. जाताना शहाळं आणि केळी घेऊन जाऊ नको हं, आपण आजारी माणसाकडे हमखास तेच नेतो, पण शहाळ्याच्या पाण्यात आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि डायलिसिसच्या पेशंटना ते सांभाळावं लागतं, पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं बऱ्याच जणांना. म्हणून आधी विचार, बाबांना काय चालतं? हा पहिला प्रश्न झाला, आणि अडीच वर्षांत त्याला हा प्रश्न मित्रांपैकी कोणी विचारलेला नाहीये. मग तिथे त्या बाकड्यावर बसलास की विचार, हे चार तास तू काय करतोस रे? घरी गेल्यावर बाबांना थकवा येतो का, रात्री कोण जागं असतं? हे सगळं एकाच शनिवारी नको. एका दिवशी एकच विचार, त्याने सांगितलेलं लक्षात ठेव आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू कर, मागच्या गुरुवारी बीपी खाली गेलं होतं म्हणालास, आता कसंय? मागचं लक्षात ठेवून विचारलेला प्रश्न नेटवरच्या कुठल्याही लिस्टमध्ये मिळत नाही.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर येते. तू सव्वा पान मित्राबद्दल लिहिलंस आणि जॉब गेला ते शेवटी एका ओळीत, बाकी माझं ठीक आहे म्हणून. तुझा मित्र काही नाही रे म्हणाला, तू ठीक आहे म्हणालास. तोही डबा घेऊन बसतो आणि तूही डबा घेऊन निघतोस. अ‍ॅरनच्या त्या प्रयोगात दोघांनी उत्तर द्यायचं असतं असं मी वर लिहिलं ते याच्यासाठीच लिहिलं. तू त्याला विचारत बसलास आणि स्वतःचं झाकून ठेवलंस तर तो आजारी घरातला आणि तू भेटायला आलेला पाहुणा, असंच राहील, त्यात मैत्री वाढत नाही, त्याला फक्त ओझं वाटतं. त्याला सांग एप्रिलचं. त्याच बाकड्यावर सांग. त्याचं दुःख मोठं आहे, माझं काय सांगू, असं करू नकोस, अडीच वर्षं त्याची मदत कुणी मागितली नसेल, सगळे त्याला टाळत किंवा हसत असतील, कोणीतरी आपल्याला काही विश्वासाने सांगितलं याचं त्याला किती बरं वाटेल ते तुला तिथे बसूनच कळेल. घरच्यांना सांगायचं कसं ते पण त्याच्याशी बोलून ठरव, घरात अवघड गोष्ट कशी बोलायची याचा त्याला तुझ्यापेक्षा जास्त सराव झालाय आता.

आणि मला परत लिही. तुझ्या पत्रात मला जे दिसलं ते मी पण विचारते, का वगैरे काही नाही. एप्रिलपासून तो डबा तू रोज कुठे बसून खातोस?